दोराबजी टाटा : खोपोलीची वीज आणि अँटवर्पचे पथक

खोपोलीच्या वीजघराची उभारणी करणाऱ्या कंपनीचा प्रमुख आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेचा पहिला अध्यक्ष ही एकच व्यक्ती होती. सर दोराबजी जमशेटजी टाटा (१८५९–१९३२) हे नाव बहुतेकांना पोलाद कारखान्यामुळे ठाऊक असते. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांच्या इतिहासात मात्र ते जलविद्युतीमुळे येते आणि देशाच्या क्रीडा-इतिहासात १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमुळे. ही दोन्ही कामे एकाच दशकातली. त्या काळात दोराबजींचा वावर मुंबई, पुणे आणि मधला घाट अशा एकाच पट्ट्यात होता. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीच्या या दोन बाजू वेगवेगळ्या सांगितल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

दोराबजी हे जमशेटजी नसरवानजी टाटा आणि हिराबाई यांचे थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. धाकटे बंधू रतनजी त्यांच्याहून अकरा-बारा वर्षांनी लहान. शालेय शिक्षण मुंबईत झाल्यावर त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. १८७७ ते १८७९ अशी दोन वर्षे ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात होते. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, नौकानयन, घोडेस्वारी अशा सगळ्या खेळांत त्यांनी तिथे भाग घेतला. मैदानावरचा खेळ हा शिक्षणाचाच भाग आहे, ही त्या विद्यापीठांची धारणा त्यांच्यात कायमची रुजली. परत आल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि धंद्यात न शिरता दोन वर्षे ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात काम केले. १८८४ मध्ये जमशेटजींनी त्यांना कापडाच्या व्यवसायात घेतले. त्यानंतर पाँडिचेरी आणि पुढे नागपूरची एम्प्रेस मिल येथे त्यांची उमेदवारी झाली. १८९७ च्या सुमारास त्यांचा विवाह म्हैसूर संस्थानचे शिक्षणाधिकारी एच. जे. भाभा यांच्या कन्या मेहेरबाई यांच्याशी झाला. मेहेरबाई स्वतः उत्तम टेनिस खेळत. पारशी पद्धतीने साडी नेसून त्या कोर्टावर उतरत आणि त्यांनी स्पर्धांत अनेक बक्षिसे मिळवली.

मुंबईत त्या काळी खेळाचा कारभार धर्म-जातीनिहाय जिमखान्यांच्या हाती होता. १८८५ मध्ये पारशी जिमखाना स्थापन झाला, त्यात जमशेटजींचा पुढाकार होता आणि पुढे दोराबजींनी त्याचा भार वाहिला. शाळकरी मुलांच्या मैदानी स्पर्धांसाठीही त्यांनी संघटना उभी करण्यास हातभार लावला. त्यांच्या क्रीडा-कार्यातला हा भाग फारसा कोणी सांगत नाही. पण पुढच्या सगळ्या कामाची तालीम इथेच झाली. मैदान मिळवणे, वर्गणी जमवणे, नियम छापून घेणे, वेळ मोजणारे विश्वासू पंच नेमणे या कामांत नाव मिळत नाही, पण खेळ उभा राहतो तो याच कामांवर. पोलाद कंपनीच्या खनिजशोधासाठी मध्य प्रांताच्या जंगलात बैलगाडीतून हिंडणारा माणूस या बारीक कामांनाही कधी कंटाळला नाही.

१९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे वारले. पोलाद कारखाना, विज्ञान संस्था आणि जलविद्युत ही त्यांची तीन मोठी कामे अपुरी राहिली होती. ती पुरी करण्याचे ओझे दोराबजींवर आले. टाटा आयर्न अँड स्टील कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली. बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये अस्तित्वात आली. तिसरे काम घाटातले होते.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीला येऊन थांबला होता. पुढे बोरघाट आडवा होता. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, तरी १८६३ मध्ये घाटातली लोहवाट खुली होईपर्यंत प्रवाशांना खोपोलीला उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढावा लागे. लोहवाट झाल्यावर मुख्य मार्ग कर्जतवरून वर गेला, खोपोली फाट्यावरचे स्थानक होऊन बाजूला पडली आणि घाट चढवणाऱ्या इंजिनांमुळे कर्जतला महत्त्व आले. नाना फडणवीसांनी बांधलेले वीरेश्वराचे मंदिर आणि त्यासमोरचा तलाव ही खोपोलीची जुनी ओळख होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाव शांत झाले होते.

पण अभियंत्यांच्या दृष्टीने खोपोलीची जागा फार मोलाची होती. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रचंड पाऊस कोसळतो आणि माथ्यापासून खोपोलीपर्यंतचा उतार पाचशे मीटरांहून अधिक आहे. वर पाणी साठवायचे, नळांतून खाली सोडायचे आणि त्या दाबावर चक्रे फिरवायची, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईच्या वास्तुविशारदाने जमशेटजींपुढे मांडली होती. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा बंगालमधून येई, तोही महाग, आणि गिरणगावाच्या आकाशात धूर कोंडलेला असे. वाफेच्या जागी वीज आणता आली तर खर्च आणि धूर दोन्ही कमी होणार होते. तरी गिरणीमालकांना वाफेची चालू यंत्रे काढून घाटातल्या पाण्यावर विसंबणे सुरुवातीला धोक्याचे वाटले. भांडवलाची सोय लंडनमध्ये होईना, तेव्हा दोराबजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातच पैसा उभा केला. व्यापारी आणि संस्थानिक यांनी समभाग घेतले. ७ नोव्हेंबर १९१० रोजी टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी झाली. त्याच वर्षी दोराबजींना ‘सर’ हा किताब मिळाला. फेब्रुवारी १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात धरणाची कोनशिला बसली.

योजनेसाठी वळवण, लोणावळा आणि शिरोता अशी धरणे बांधण्यात आली. त्यांचे पाणी कालव्यांनी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणले गेले आणि तिथून पोलादी नळांतून खोपोलीत उतरवले गेले. इतक्या उंचीवरून येणाऱ्या पाण्यासाठी पेल्टन पद्धतीची चक्रे योजली होती. त्यांच्या पाळ्यांवर पाण्याची धार आदळते आणि चक्र फिरते. तयार झालेली वीज उच्च दाबाच्या तारांनी सुमारे ७० किलोमीटर दूर परळला पोचवायची होती. भारतात कावेरीवरच्या शिवसमुद्रमची वीज १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळत होती, पण महानगराच्या गिरण्यांसाठी एवढ्या प्रमाणावरचा प्रयोग नवा होता. फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते योजना सुरू झाली आणि खोपोलीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. महायुद्धामुळे परदेशी यंत्रे आणि माणसे मिळणे अवघड झालेले असताना काम वेळेवर उरकले, याचे श्रेय दोराबजींच्या चिकाटीला द्यावे लागते.

या योजनेने घाटाखालचा भूगोलही बदलला. लोणावळ्याचे ओढे मुळात पूर्वेकडे, इंद्रायणी आणि भीमेच्या वाटेने वाहणारे. ते पाणी कोकणात वळवल्यामुळे पाताळगंगा नदीला बारमाही प्रवाह मिळाला. पूर्वी पावसाळा ओसरला की आटणाऱ्या या नदीवर पुढे खोपोलीचे कारखाने, रसायनीचे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स आणि पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र उभे राहू शकले. कर्जत तालुक्यात तेच भिवपुरीमुळे घडले. आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण बांधून, डोंगरातून बोगदा काढून पाणी भिवपुरीला सोडणारी आंध्रा व्हॅली कंपनीची योजना १९२२ मध्ये कार्यान्वित झाली. वीजघरालगतच्या वसाहतीला लोक ‘भिवपुरी कॅम्प’ म्हणू लागले. वीज करून सुटलेले पाणी पेज नदीत आणि राजनाला कालव्यात जाते आणि त्यावर कर्जतच्या शेतकऱ्यांना उन्हाळी भात घेता येतो. पावसाच्या एका पिकावर जगणाऱ्या या डोंगराळ मुलखात दुसरे पीक ही साधी गोष्ट नव्हती. मात्र पूर्वेचे पाणी पश्चिमेला नेण्याचा हा व्यवहार तिकडच्या दुष्काळी तालुक्यांना खटकत आला आहे आणि ते पाणी भीमा खोऱ्याला परत द्यावे ही मागणी अजून होत असते.

वीज कंपन्यांचा हा विस्तार चालू असताना दोराबजी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. हा जिमखाना १९०६ मध्ये बाळकृष्ण नारायण ऊर्फ तात्यासाहेब भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. देशी कसरती, कुस्ती आणि पाश्चात्त्य मैदानी खेळ एकाच ठिकाणी आणण्याचा त्यांचा प्रयत्न होता. पहिले महायुद्ध संपल्यानंतर तिथे भरलेल्या स्पर्धांत दोराबजींनी लांब पल्ल्याच्या शर्यती पाहिल्या. धावणारे बरेचसे शेतकरी घरांतले, अनवाणी. त्यांना धावण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण कोणी दिलेले नव्हते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या नामवंत धावपटूंच्या वेळांच्या जवळपास जातात, हे घड्याळ पाहून दोराबजींच्या ध्यानात आले. ऑलिंपिक समितीला पुढे लिहिलेल्या पत्रात भारताच्या सहभागाची सुरुवात इथून झाली असे त्यांनी नोंदवले आहे.

या घटनेचे महत्त्व ओळखायचे तर तेव्हाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळवली होती, पण तो एकट्याचा सहभाग होता, देशाचे पथक नव्हते. भारतात ऑलिंपिकसाठी खेळाडू निवडणारी संस्थाच नव्हती. वसाहत असलेल्या देशाला स्वतंत्र पथक पाठवता येते का, हेही कोणी विचारले नव्हते. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत लंडनमध्ये शब्द टाकला आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडून १९२० साठी भारताला प्रवेश मिळवला. राजकीय स्वातंत्र्याच्या २७ वर्षे आधी खेळाच्या मैदानावर भारताला स्वतःचे नाव मिळाले. त्यासाठी आंदोलन करावे लागले नाही. ओळखी, पत्रव्यवहार आणि पदरचा पैसा एवढी दोराबजींची साधने होती.

पथक छोटे होते. फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू, तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल. सहा जणांपैकी बहुतेक दख्खन आणि कर्नाटकातले, म्हणजे डेक्कन जिमखान्याच्या वर्तुळातले होते. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी उचलला, थोडी सरकारी मदत आणि थोडी वर्गणी मिळाली. बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. अनवाणी धावण्याची सवय असलेल्या, थंड हवेची आणि दगडी रस्त्यांची ओळख नसलेल्या धावपटूसाठी ही कामगिरी मोठी होती. रणधीर शिंदे फ्री-स्टाइल कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. पदक एका पायरीने हुकले. मॅटवरच्या कुस्तीचे नियम मातीतल्या मल्लाला नवे होते, त्यामुळे त्यांचा हा चौथा क्रमांक अधिक मोलाचा ठरतो. कुस्तीतले पहिले भारतीय पदक त्यानंतर ३२ वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी आणले. शिंदे आणि नवले यांची नावे आज जेवढी आठवायला हवीत तेवढी आठवली जात नाहीत.

अँटवर्पच्या वर्षीच दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्यांचा भर आता एकेका पथकाऐवजी कायमची संस्था उभी करण्यावर होता. त्यासाठी प्रांतोप्रांती संघटना हव्यात, त्यांच्या निवड स्पर्धा हव्यात आणि शारीरिक शिक्षणाची जाण असलेले मार्गदर्शक हवेत, असा त्यांचा आग्रह होता. इथे त्यांना वाय.एम.सी.ए.चे डॉ. ए. जी. नोहरेन यांची साथ मिळाली. त्यांनी प्रांतोप्रांती फिरून संघटना बांधल्या. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धा झाल्या आणि त्यांतून त्या वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकचे पथक निवडले गेले. एका धनिकाच्या औदार्यावरून प्रांतिक निवडीवर जाणे हा भारतीय खेळातला खरा पालट होता. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. दोराबजी अध्यक्ष, नोहरेन सचिव.

याच वर्षांत मुळशीचा संघर्ष पेटला होता आणि दोराबजींची कारकीर्द लिहिताना तो वगळता येत नाही. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी कोकणात भिऱ्याला सोडण्याची योजना आखली. मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यात जाणार होती. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीसाठी वापरला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बापटांनी तुरुंगवास सोसला. लढा तीन वर्षे चालला आणि शेवटी मावळ्यांच्या हाती काही लागले नाही. धरण झाले, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. धरणाविरुद्धचे देशातले हे पहिले मोठे आंदोलन मानले जाते.

या ठिकाणी दोराबजींच्या चरित्रातील सर्वांत अवघड जोड समोर येते. पुण्याच्या मैदानावर अनवाणी धावणाऱ्या शेतकरी पोरांमध्ये जगाशी टक्कर देण्याची ताकद त्यांनी पाहिली आणि तिला बेल्जियमपर्यंत नेले. त्यानंतर वर्षाच्या आत, पुण्यापासून फार दूर नसलेल्या खोऱ्यात त्याच वर्गातील शेतकरी त्यांच्या कंपनीविरुद्ध जमिनीवर बसले होते. एका बाजूला कष्टकरी माणसाच्या अंगातील गुणाबद्दल खरा आदर आणि दुसऱ्या बाजूला त्याच माणसाच्या जमिनीवरील हक्काबद्दल व्यापारी आणि सरकारी बेफिकिरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही. मुंबईला मिळालेली स्वस्त वीज आणि घाटाखालच्या नद्यांना मिळालेले पाणी यांच्या किमतीत मुळशीच्या गावांचा वाटा आहे, हे त्या इतिहासात लिहिलेच पाहिजे.

टाटा घराण्यालाही तो काळ सोपा नव्हता. युद्धोत्तर मंदीत पोलाद कंपनी अडचणीत आली. १९२४ मध्ये कामगारांच्या पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता, मेहेरबाईंच्या दागिन्यांसह, इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून सुमारे एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. मेहेरबाईंकडचा ज्युबिली हिरा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, सुमारे २४५ कॅरटचा होता. तोही त्यात गेला. कंपनी तरली आणि कर्ज फेडले गेले.

१९२८ मध्ये दोराबजींनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपद सोडले आणि पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांनी ते स्वीकारले. त्याच वर्षी अॅमस्टरडॅमला भारतीय हॉकी संघाने देशाचे पहिले सुवर्णपदक मिळवले. संघाच्या निवडीत दोराबजींचा हात नव्हता. पण ज्या संस्थेच्या छत्राखाली तो संघ गेला, तिच्या पायाभरणीत त्यांची आठ वर्षे गेली होती. राजघराणी आणि उद्योगपती यांच्या हाती खेळाचा कारभार राहण्याची जी रीत त्या वेळी पडली, तिचे चांगले-वाईट परिणाम भारतीय खेळाने पुढे बराच काळ भोगले. पहिल्या पिढीत तो कारभार पदरमोड करून चालला, एवढे मात्र दोराबजींच्या बाबतीत निर्विवाद आहे.

१९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्या वर्षी, ३ जून १९३२ रोजी, दोराबजींचे जर्मनीत बाड किसिंगेन येथे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत दोघांची समाधी आहे. त्यांना अपत्य नव्हते. मृत्यूपूर्वी काही महिने त्यांनी आपली सगळी संपत्ती, समभागांपासून त्या हिऱ्यापर्यंत, एका विश्वस्त निधीला दिली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशांतून १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि १९४५ मध्ये मूलभूत विज्ञान संशोधनाची संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे.

खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही वीजघरे टाटा पॉवर कंपनीकडे आजही चालू आहेत. खोपोलीची स्थापित क्षमता आता ७२ मेगावॅट आहे. मुंबईच्या एकूण गरजेच्या मानाने ती थोडी असली, तरी मागणी वाढली की लगेच चालू करता येणारी वीज म्हणून तिचा उपयोग होतो. भिऱ्याहून सुटलेल्या पाण्यावर कुंडलिका नदीत कोलाडजवळ राफ्टिंगचा खेळ चालतो आणि रोज सकाळी वीजघर पाणी सोडेल त्या वेळेवर त्याचे वेळापत्रक ठरते.